आईबापाचं मुलांत काय काय उतरतं? चहा, मिश्री, साखर, वजन: नेहमी येणारे प्रश्न

मी आहाराचं काम करते, पुणे जिल्ह्यातल्या काही गावांत आणि बाकीचं फोनवर, मेसेजवर. सगळ्यात जास्त मेसेज येतात ते ह्याच विषयावर, की आमच्या खाण्यापिण्याचं, व्यसनांचं, वजनाचं मुलाला काय मिळणार. तेच ते प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतात म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवतेय. एक उत्तर दुसऱ्याशी जोडलेलं असेल तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय. स्वतःचे रिपोर्ट असतील तर ते मात्र डॉक्टरांनाच दाखवा.

१. मुलांत उतरतं म्हणजे नेमकं काय? सगळं जीन्समधूनच येतं ना?

नाही, जीन्स हा एक रस्ता झाला. दुसरा रस्ता म्हणजे पोटातले नऊ महिने, आईच्या रक्तात जे आहे किंवा जे नाहीये त्यावर बाळाचं शरीर घडतं. तिसरा रस्ता चवीचा, तोही पोटातच सुरू होतो (प्रश्न ७ बघा). आणि चौथा म्हणजे घरात रोज जे दिसतं ते.

आता एखाद्या घरात आजीला शुगर, बाबांना शुगर आणि मुलगा तिशीत बॉर्डरलाइन, की आपण लगेच म्हणतो "खाण तशी माती, आमच्यात आहेच". पण त्या तिघांनी एकाच पातेल्यातला गोड चहा प्यायलाय, एकाच डब्यातली खारी खाल्लीय, आणि बाबा पोटात असताना आजीने काय खाल्लं, किती उपास केले तेही त्यात आहेच. जीन्स बदलता येत नाहीत, बाकीच्या तिन्हींवर काम करता येतं, म्हणून हे वेगवेगळं करून बघायचं.

२. एपिजेनेटिक्स हा शब्द सगळीकडे दिसतो, सोप्या भाषेत सांगा ना.

जीन्स म्हणजे घरातलं वायरिंग समजा आणि एपिजेनेटिक्स म्हणजे भिंतीवरची बटणं. वायरिंग तेच राहतं, पण कुठला दिवा चालू, कुठला बंद, कुठला मंद हे बटणावर. ही बटणं दाबणाऱ्या गोष्टींमध्ये खाणं आहे, तंबाखू आहे, उपासमार आहे.

२००३ मध्ये अमेरिकेत उंदरांवर एक प्रयोग झाला, पिवळी आणि लठ्ठ पिल्लं होणाऱ्या एका जातीत माद्यांना गाभण राहायच्या आधीपासून फोलिक ॲसिड, बी-१२ वगैरे जास्त दिलं तर पिल्लं जास्त करून तपकिरी झाली. जीन तोच, फक्त त्याचं बटण बंद झालं.

माणसातलं उदाहरण हॉलंडचं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने अन्न अडवलं, माणशी दिवसाला हजार कॅलरीपेक्षाही कमी रेशन मिळत होतं. त्या काळात ज्यांचा गर्भ राहिला त्यांची साठेक वर्षांनी रक्ततपासणी केली, तर वाढीशी संबंधित एका जीनवरच्या खुणा (म्हणजे त्याचं बटण ठरवणाऱ्या) त्यांच्याच सख्ख्या भावाबहिणींपेक्षा कमी सापडल्या, हे २००८ मध्ये छापून आलं. सख्ख्या भावंडांशी तुलना केली हे मला ह्यात महत्त्वाचं वाटतं, कारण मग घरच वेगळं होतं असं म्हणायला फारशी जागा राहत नाही.

३. हे सगळं परदेशातलं झालं, आपल्याकडे कोणी अभ्यास केलाय का?

केलाय, आणि तो जगभर सांगितला जातो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांची नोंद ठेवायला सुरुवात केली, पुढे त्यांची बाळं, आणि ती बाळं मोठी होईपर्यंत. शेतात राबणाऱ्या, बारीक अंगाच्या बायका. त्यांच्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास, आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन किलो. पण मोजमाप केल्यावर दिसलं ते असं की आपल्या बाळाचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, आणि पाठीवरची चरबी मात्र त्या मानाने तशीच राखलेली. म्हणजे दिसायला काडी आणि आतून चरबी.

डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी प्राध्यापक युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेट ह्या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, अगदी सारखा, पण शरीरातली चरबी एकाची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के. मी जिथे जाते तिथे हे सांगते कारण "आमचा मुलगा तर बारीकच आहे, त्याला कशाची शुगर" हे वाक्य रोज ऐकू येतं.

४. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी, बी-१२ कमी आलंय. बाळाला फरक पडतो का?

पडतो. त्याच सहा गावांच्या अभ्यासात साधारण दोन तृतीयांश बायकांचं बी-१२ कमी होतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, आईकडेच साठा नसेल तर बाळाला कुठून मिळणार. २००८ मध्ये ह्याच मुलांचं सहाव्या वर्षीचं मोजमाप छापून आलं, त्यात ज्या आयांचं बी-१२ कमी आणि फोलेट (फोलिक ॲसिडच्या गोळीतून मिळतं ते जीवनसत्त्व) जास्त होतं त्यांच्या मुलांमध्ये इन्सुलिन नीट काम न करण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त होतं. ह्याचा अर्थ फोलिक ॲसिडची गोळी बंद करा असा अजिबात काढू नका, ती बाळाच्या पाठीच्या कण्यासाठी लागतेच. अर्थ एवढाच की सोबत बी-१२ पण तपासा आणि कमी असेल तर डॉक्टरांना विचारून त्याचीही गोळी घ्या.

शाकाहारी घरात बी-१२ येतं ते दूध, दही, ताक, पनीर यातून. पण आपल्याकडे बाईच्या वाट्याला दूध म्हणजे चहातलं दोन चमचे, ते पुरत नाही. अंडं चालत असेल तर उत्तम. स्पिरुलिना, मोड आलेली कडधान्यं, आंबवलेली इडली यात बी-१२ असतं असं जे फॉरवर्ड होतं त्यावर विसंबू नका, स्पिरुलिनातलं जे असतं ते बहुतेक शरीराला वापरताच येत नाही.

५. गरोदर राहिल्यावर नीट खायला लागलं की झालं ना?

ह्या पानावरचा एकच प्रश्न वाचायचा असेल तर हा वाचा. उशीर होतो. दिवस गेलेत हे कळेपर्यंत पाचसहा आठवडे उलटलेले असतात, आणि नाळ, बाळाचे अवयव हे सगळं त्याच सुमाराला घडायला लागलेलं असतं.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये २००६ पासून काही वर्षं एक मोठा प्रयोग झाला, सारस प्रकल्प म्हणतात त्याला. साडेसहा हजार बायका. अर्ध्या जणींना रोज पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला एक खाऊ दिला, बाकीच्यांना कांदा-बटाट्यासारख्या भाज्यांचा. खाऊ गर्भ राहण्याच्या आधीपासून सुरू केला होता. सगळ्यांची सरासरी काढली तर बाळाच्या वजनात म्हणण्यासारखा फरक नव्हता. पण ज्यांनी दिवस राहायच्या आधी किमान तीन महिने तो खाल्ला होता त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरली. आईच अगदी हडकुळी असेल तर हा फायदा दिसला नाही, आणि हे मला फार लागतं, कारण त्याचा अर्थ तिला मिळायला हवं होतं ते त्याच्याही कितीतरी आधी. आणखी एक, प्रेग्नन्सीतली शुगर खाऊ खाणाऱ्या गटात ७.३ टक्के आणि दुसऱ्या गटात १२.४ टक्के होती.

आता घरात बघा. आधी पुरुष, मग पोरं, मग सासूबाई, आणि सून शेवटी. कढईला चिकटलेली भाजी, तळाचा रस्सा, काल उरलेली भाकरी. मी एका घरी बसले होते तेव्हा तिथल्या बाईने ताट घेतलं तर पालेभाजी संपलेली होती, तिने कढईत थोडं पाणी घालून ती हलवली, त्यात भाकरी कुस्करली आणि जेवली, तिला त्यात काही वावगंही वाटलं नाही. तिची बारा-तेरा वर्षांची मुलगी शेजारी तसंच जेवत होती. त्या मुलीच्या बाळाचं खाणं त्याच दिवशी कमी झालं असं मी म्हणते, ती अजून सातवीत असली तरी. म्हणून मुलीच्या लग्नाआधी दागिने बघता तसं तिचं हिमोग्लोबिन आणि बी-१२ बघा, आणि लग्नाची वाट तरी कशाला, वयात आली की लगेच बघा. पुण्याच्या टीमने पुढे हेच केलं, त्याच गावांतल्या त्या मुलांना तरुण वयात, लग्नाआधी, बी-१२ आणि बाकीची जीवनसत्त्वं देऊन बघितली.

६. आजीच्या खाण्याचा माझ्या मुलावर परिणाम होतो असं वाचलं, हे कसं शक्य आहे?

मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची सगळी स्त्रीबीजं तयार होतात, पाचव्या महिन्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतात, नंतर नवीन बनत नाहीत. म्हणजे तुमच्या आजीच्या पोटात तुमची आई होती तेव्हा ज्या बीजातून तुम्ही झालात ते तिथेच होतं. एका गरोदर बाईला उपास घडला की तीन पिढ्यांना एकदम घडतो.

त्यापुढच्या पिढ्यांचं मात्र सांभाळून वाचा. उंदरांमध्ये एक वास आणि विजेचा झटका यांची जोडी लावली तर नातवंडंही त्या वासाला दचकली असा प्रयोग आहे, पण माणसात गर्भ राहताना बहुतेक बटणं पुसून पुन्हा मांडली जातात. त्यामुळे "सात पिढ्यांचा ताण तुमच्या डीएनएत आहे, आमचा कोर्स करा" असं कोणी विकत असेल तर पैसे देऊ नका.

७. मी जे खाते त्याची चव बाळाला पोटात खरंच कळते?

कळते. बाळ पोटात गर्भजल गिळत असतं आणि त्या पाण्याला आईच्या खाण्याचा वास-चव लागते, लसणाचा तर वास घेणाऱ्यांनाही ओळखू आला होता. अमेरिकेत २००१ मध्ये छापलेला प्रयोग असा की काही बायकांनी शेवटच्या महिन्यांत आठवड्यातून चार दिवस गाजराचा रस प्यायला, काहींनी बाळंतपणानंतर दूध पाजताना, आणि काहींनी नुसतं पाणी. पुढे बाळांना गाजराच्या चवीची पेज दिल्यावर पहिल्या दोन गटांतल्या बाळांनी कमी तोंडं वाकडी केली. २०२२ मध्ये इंग्लंडच्या डरॅम विद्यापीठातल्या लोकांनी तर सोनोग्राफीत पोटातल्या बाळाचे चेहरे बघितले, आईने गाजराची कॅप्सूल घेतली की हसरा, केल नावाच्या कडवट पाल्याची घेतली की रडका.

आणि हे वाचताना मला आपली बाळंतशोप आठवते. जेवण झालं की बाळंतिणीच्या हातावर भाजलेली बाळंतशोप ठेवायची, जेवणात शेपूची भाजी, ओवा, लसूण. फ्रान्समध्ये बडीशेपेच्याच जातीच्या एका बियांवर असाच अभ्यास झाला, ज्या आयांनी गरोदरपणी त्या खाल्ल्या त्यांची बाळं जन्मल्याबरोबर त्या वासाकडे तोंड वळवत होती. तर मेथी, कारलं, शेपू, अंबाडी हे पुढे पोराने खावं असं वाटत असेल तर त्याची ओळख आत्ताच करून द्या. वरच्या दुधावरचं बाळ असेल तर काळजी नको, त्याला रोज एकच चव मिळते एवढंच, सहा महिन्यांनंतर भाज्या बदलत राहा. पुढचं प्रश्न १६ मध्ये आहे.

८. चहा सुटत नाही. दिवसाला किती चालतो?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात दिवसाला ३०० मिलिग्रॅम कॅफीन ही मर्यादा सांगितलीय, आणि एका कपात ३० ते ६५ मिलिग्रॅम असतं. म्हणजे दोनतीन लहान कप चालतात, पण गरोदरपणी जितका कमी तितकं बरं, कारण कॅफीन नाळेतून बाळाकडे जातं आणि बाळाला ते पचवता येत नाही. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या अंगातलं कॅफीन निम्मं व्हायला तीनचार दिवस लागू शकतात.

मला खरी भीती कॅफीनपेक्षा लोहाची वाटते. जेवणाला लागून चहा घेतला की जेवणातलं लोह शरीरात फार कमी जातं, आणि देशात निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना रक्त कमी आहे, २०१९-२१ च्या पाहणीत ५२.२ टक्के. म्हणून जेवणाआधी एक तास आणि नंतर एक तास चहा नको, आणि लोहाची गोळी चहासोबत तर कधीच नको, लिंबूपाण्यासोबत घ्या. चहा-बिस्किट म्हणजे नाश्ता नाही हेही इथेच लिहून ठेवते, कारण ती सवय मुलांत कशी जाते ते प्रश्न १५ मध्ये आहे.

९. डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचे कान फुटतात म्हणतात, खरंय?

कान फुटतात ते इन्फेक्शनने, डोहाळ्यांचा संबंध नाही. पण ह्या समजुतीमुळे वर्षातून एकदा तरी बाईला काय खावंसं वाटतं हे कोणीतरी विचारतं, तेवढं राहू द्या. एक डोहाळा मात्र कधीही पुरवू नका आणि लपवूही नका, तो म्हणजे माती, पाटीवरची पेन्सिल, खडू, राख, चुलीची भाजलेली माती खावीशी वाटणं. बऱ्याचदा रक्त कमी झाल्याची ती खूण असते, लगेच हिमोग्लोबिन तपासा. आणि केशराच्या दुधाने बाळ गोरं होत नाही, दूध म्हणून प्या, चांगलंच आहे.

१०. सासूबाई मिश्री लावतात, मलाही सवय लागलीय. सिगारेट थोडीच आहे, चालते ना?

चालत नाही. तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू ती, दाताला लावली काय आणि ओढली काय, निकोटीन हिरडीतून रक्तात आणि रक्तातून बाळात. मुंबईत १२१७ गरोदर बायकांचा अभ्यास झाला, २००४ मध्ये छापून आला, त्यातल्या तंबाखू घेणाऱ्या बहुतेक जणी मिश्रीवाल्याच होत्या. त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं आणि बाळंतपण सरासरी सहा दिवस आधी झालं. आधीच २.७ किलोच्या बाळाला १०५ ग्रॅम म्हणजे खूप.

ही सवय आईकडून मुलीत जाते तशी दुसरी कुठली जाताना मी बघितली नाही. एका घरी पहाटे तवा चुलीवर होता, भाजण्याचा तो उग्र वास, डोळ्यांत पाणी येईल असा, आणि पाचेक वर्षांची नात आजीला चिकटून बसलेली. तिची दाढ दुखत होती. आजीने डबीत बोट बुडवलं आणि नातीच्या हिरडीवर फिरवलं, "लाव गं, थांबेल आता". आणि थांबलं खरंच, कारण हिरडी बधिर होते. ती मुलगी आयुष्यभर लक्षात ठेवणार की दाढ दुखली की हे. आजीने मायेनेच लावलं, तिला दुसरं काही माहीत नव्हतं, म्हणून तिच्यावर ओरडण्यापेक्षा दाढेला दातांचा डॉक्टर आणि घरात टूथपेस्ट आली की निम्मं काम होतं. दूध पाजतानाही निकोटीन दुधात उतरतं, तेव्हा बाळंतपण झालं म्हणून परत सुरू करू नका. सोडायचं कसं ते शेवटच्या प्रश्नात.

११. तंबाखू-सुपारी नवरा खातो, गरोदर मी आहे. त्याचा बाळाशी काय संबंध?

आहे संबंध. घरात बिडी-सिगारेट असेल तर धूर तुमच्या आणि बाळाच्या अंगात जातोच. पण त्याच्याही आधी, शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात आणि त्या काळात बापाच्या रक्तात जे असतं त्याचा ठसा त्यांच्यावर पडतो. तैवानमध्ये २००६ मध्ये दिसलं की सुपारीचा विडा चघळणाऱ्या बापांच्या मुलांमध्ये पोट सुटणं, शुगर, बीपी ह्या गोष्टी लवकर सुरू होण्याचा धोका जास्त, आणि बाप जितका जास्त चघळायचा तितका जास्त. त्याआधी उंदरांना सुपारी खाऊ घालून त्यांच्या पिल्लांत शुगर वाढलेली दिसली होती. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या अभ्यासात तर अकरा वर्षांच्या आधीच सिगारेट ओढायला लागलेल्या बापांचे मुलगे नवव्या वर्षी जास्त जाड निघाले.

आपल्या राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे तरी सुपारी आणि तंबाखूच्या पुड्या शेजारी शेजारी लटकलेल्या असतात, ते तुम्हीही बघता. तेव्हा मूल हवंय असं ठरवलं की तीन महिने आधीपासून नवऱ्याने बंद करायचं, ही अट मी सगळ्या जोडप्यांना सांगते. सगळा दोष बाईच्या ताटावर ढकलायची जी पद्धत आहे ती मला पटत नाही.

१२. दारू? कधीतरी एखादा पेग?

गरोदरपणी एक थेंबही नको. दारू थेट बाळाच्या मेंदूवर जाते आणि कितीपर्यंत सुरक्षित हे ठरवताच येत नाही. आईच्या दारूमुळे बाळाला होणाऱ्या आजाराला १९७३ पासून वैद्यकशास्त्रात नाव आहे, फीटल अल्कोहोल सिंड्रोम. काही भागांत "बाळंतिणीला चमचाभर ब्रँडी, अंग शेकतं" म्हणतात, तेही नको, दुधात उतरते.

१३. मला प्रेग्नन्सीमध्ये शुगर झाली होती. मुलाला होणारच का?

होणारच असं नाही, धोका वाढतो. अमेरिकेत ॲरिझोनामधल्या पिमा ह्या मूळनिवासी लोकांमध्ये एकाच आईची मुलं तपासली, काही तिला शुगर व्हायच्या आधी झालेली आणि काही नंतरची. नंतरच्यांना मधुमेह जास्त झाला. आईबाप तेच, फक्त पोटात असताना आईची शुगर वेगळी. बापाच्या शुगरच्या बाबतीत असा आधी-नंतरचा फरक दिसला नाही.

म्हणून ही तपासणी चुकवू नका. पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत परत, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात, १४० किंवा जास्त आलं तर उपचार सुरू होतात. आणि ज्यांना झाली होती त्यांनी बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी आणि मग दरवर्षी शुगर तपासायची. बाळ अंगावर पाजणं दोघांसाठी चांगलं. मुलगा बारीक असला तरी प्रश्न ३ लक्षात ठेवा.

१४. बाळाच्या तोंडात साखर घातली तर काय होतं, आजी रोज बोटाने चाटवते.

दोन वर्षांपर्यंत वरून साखर नाही, गूळ नाही, आणि एक वर्षापर्यंत मध तर अजिबात नाही. ब्रिटनमध्ये युद्धामुळे साखरेवर रेशन होतं, ते सप्टेंबर १९५३ मध्ये उठलं आणि लोकांचं साखर खाणं जवळजवळ दुप्पट झालं, दिवसाला ४० ग्रॅमवरून ८० पर्यंत. ते उठायच्या जरा आधी जन्मलेल्यांची आणि जरा नंतर जन्मलेल्यांची आत्ताच्या वयात तुलना केली, २०२४ मध्ये छापून आली. ज्यांची पोटातली आणि पहिली दोन वर्षं कमी साखरेत गेली त्यांच्यात मधुमेहाचा धोका साधारण ३५ टक्क्यांनी आणि बीपीचा २० टक्क्यांनी कमी. एवढ्या लहान वयातल्या साखरेचा परिणाम साठीपर्यंत टिकतो हे वाचून मी स्वतः माझ्या घरातले डबे बदलले. आजीला हे असं सांगा की, आजी, तुमच्या बोटाची गोडी पुरे, हवं तर पिकलेलं केळं कुस्करून भरवा.

१५. मुलं खायच्या, विकत घ्यायच्या सवयी आपल्याकडून कशा उचलतात?

बघून. सांगून फार थोडं जातं. आई सकाळी उभ्याउभ्याच चहात बिस्किट बुडवून खाते, पोरगं तेच करतं, आणि मोठेपणी ऑफिसात त्याचा नाश्ता तोच असतो. लग्न होऊन गेलेली मुलगी सासरी जाऊन माहेरचाच साबण, माहेरचीच चहा पावडर, माहेरचाच मसाला मागवते, मी स्वतः अजून आईच्याच पद्धतीने लाल तिखट वर्षाचं एकदम भरते. ह्यात वाईट काही नाही, पण दुकानात पुड्याच्या मागची बाजू वाचायची सवयही अशीच जाते, तेव्हा मुलासमोर वाचा. पहिल्या तीन नावांत मैदा आणि साखर आली की त्याला मोठ्याने सांगा, सात वर्षांचं मूल हे खेळासारखं करतं.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे "जा रे, टपरीवरून बाबांची पुडी आण". अठराखालच्या मुलाला तंबाखू विकणं २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलाला तंबाखू दिली तर सात वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी त्या पोराला पुडीचं नाव, रंग, किंमत, टपरीवाल्याची ओळख हे सगळं आपणच शिकवलेलं असतं.

१६. भाजी खात नाही म्हणून बाकी सगळं बंद केलं तर अजूनच हट्ट करतो. काय करू?

पूर्ण बंदी उलटते. लहान मुलांसमोर एक खाऊ डब्यात बंद करून ठेवला आणि दुसरा मोकळा, तर मुलं बंद डब्याविषयीच बोलत राहिली आणि मिळाल्यावर त्यावरच तुटून पडली, असा प्रयोग झालेला आहे. म्हणून तसला खाऊ समोर ठेवून नाही म्हणण्यापेक्षा घरात आणूच नका, आणि बाहेर कधी मिळालं तर भांडण करू नका.

नवीन भाजी आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा समोर यावी लागते तेव्हा मूल ती मान्य करतं, बहुतेक आया तिसऱ्या वेळेला सोडून देतात. एकच घास ठेवायचा, खाल्ला नाही तर उचलायचा, "खाल्लंस तर चॉकलेट" म्हणायचं नाही, कारण मग भाजी ही शिक्षा ठरते. आणि तुम्ही स्वतः ती खाताना दिसा, बाबांनी ताटात कारलं बाजूला सारलं की तुमचं सगळं पाणी. फक्त एक अपवाद, कोथिंबीर साबणासारखी लागते म्हणणारी काही मुलं खोटं बोलत नसतात, तो वासाच्या एका जीनचा फरक असतो, त्यांना नका छळू.

१७. गरोदरपणी घेतलेल्या औषधाचा परिणाम मुलावर खूप वर्षांनी दिसू शकतो?

दिसलाय. अमेरिकेत १९४० नंतर गर्भपात टाळायला डीईएस नावाचं हार्मोन लाखो बायकांना दिलं. १९७१ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की तरुण मुलींमध्ये योनीचा अगदी दुर्मिळ कॅन्सर येतोय आणि त्यांच्या आयांनी हे औषध घेतलं होतं. म्हणून मेडिकलमधून मनाने काही आणू नका, मुलगा होण्यासाठीची पुडी, काढा वगैरे तर बिलकूल नाही. पण डॉक्टरांनी दिलेली थायरॉइड, फिट, बीपीची गोळी ह्या भीतीने बंदही करू नका, त्याने जास्त नुकसान होतं.

१८. आम्ही मूल दत्तक घेतलंय, मग यातलं आम्हाला काय लागू?

जेवढं हातात आहे ते जवळजवळ सगळं. डेन्मार्कमध्ये १९८६ मध्ये दत्तक मुलांचा अभ्यास झाला, मोठेपणीचा त्यांचा अंगाचा बांधा जन्मदात्यांशी जुळला, सांभाळणाऱ्यांशी नाही. म्हणून बांध्यावरून मुलाला बोलू नका, ते त्याच्या हातात नाही आणि तुमच्याही. पण काय आवडतं, कधी खायचं, घरात काय येतं, तंबाखू हात लावायची गोष्ट आहे की नाही, हे सगळं तुमच्याकडून जाणार, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. जन्माचं वजन कागदावर असेल तर जपून ठेवा, कमी असेल तर डॉक्टरांना सांगा, आणि अशा मुलाला घाईघाईने गुटगुटीत करायच्या मागे लागू नका, लहान जन्मून भराभर जाड होणाऱ्यांनाच पुढे शुगरचा धोका जास्त असतो. प्रश्न १४ ते १६ मधली काळजी तुम्हालाही तशीच.

१९. मला सातवा महिना लागलाय आणि आत्तापर्यंत मिश्री चालूच होती. आता सोडून काही उपयोग आहे का, का झालं ते झालं?

उपयोग आहे. बाळाचं सगळ्यात जास्त वजन ह्याच शेवटच्या महिन्यांत भरतं, आज बंद केलं तर आजपासून बाळाला जास्त रक्त आणि ऑक्सिजन मिळतो. रडत बसू नका आणि कोणाला घाबरून लपवूही नका, तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना किंवा आशाताईंना सरळ सांगा, म्हणजे वजनावर नीट लक्ष ठेवता येतं.

पहिले तीनचार दिवस जड जातात, डोकं दुखतं, चिडचिड होते, पोट साफ होत नाही. सकाळची तलफ सगळ्यात मोठी, म्हणून ती वेळ बदला, उठल्याबरोबर ब्रश, मग कोमट पाणी, मग लगेच काहीतरी खायला, आणि तोंडात लवंग किंवा बाळंतशोप. दिवसात परत आठवण आली की दहा मिनिटं दुसऱ्या कामाला लागा, तलफ तेवढीच टिकते. डबी घरात असेल तर सुटत नाही, सासूबाईंनाही सोबत घ्या, निदान तुमच्यासमोर तवा ठेवू नका एवढं मागा. सरकारची फुकट हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, पुडीवरही छापलेली असते, तिथे फोन करा. एकदा चुकून लावली गेली तर सगळं वाया गेलं असं समजू नका, तोंड धुवा आणि पुढची सकाळ परत ब्रशने सुरू करा.